सर ऑब्रींचा उजवा कान

बेलवली, बदलापूर
ता. ६ जानेवारी १९५७

चि. श्रीपाद यास विष्णुकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तुझ्या घरमालकीणबाई मिसेस हॉब्स यांचा गुडघा आता वळतो का? तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग म्हणून मागे लिहिलं होतं, ते सांगितलंस की लाजलास? त्यांच्या यजमानांना ऐकू येऊ लागलं का? नसेल तर त्यांचं सुखात चाललं असेल. तुझ्या खोलीतला तो पंजाबी सोबती, घरची आठवण आली की रडायचा तो, आता जेवतो ना?

इकडे माझी कंबर आहे तशीच आहे. तुझ्या आईचं, म्हणजे आपल्या माईचं, डोळ्यांतून पाणी येणं थांबलं आहे. पण तुझा विषय निघाला की परत सुरू होतं, तेव्हा तो आजार धरायचा की नाही ते मला कळत नाही. दूध घालायला येणारी पालेगावची कौसाबाई पायात काटा जाऊन लंगडत होती, ती आता चालते आणि बोलतेही. तुझी बहीण उमा ठणठणीत आहे. पत्राचं कारण तीच.

उमेला स्थळ आलं आहे. अंबरनाथ पूर्वेचे हरिचंद्रराव, त्यांचा मुलगा अनंत. कारखान्यात चार्जमन आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि हसला की बरा दिसतो. उमेने पोहे नेले तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते मी बघितलं. मुलगी मनाने तिकडे गेली आहे रे. हे जमलं नाही तर ती काही बोलणार नाही, हीच मला काळजी.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलाच्या आई कुमुदिनीबाईंनी विचारलं, "मुलीचा भाऊ विलायतेत काय करतो?" मी म्हटलं, कापड रंगवण्याचं शास्त्र शिकतो. त्या म्हणाल्या, "आम्ही तर ऐकलं, पेटीत बसून राजकारणावर बोलतो." झालं! माझी चहाची बशी हातात राहिली. तू मागच्या पत्रात 'टेलिव्हिजनवर काम लागलं' एवढंच लिहिलंस. मी समजलो होतो, त्या नावाचं गाव असेल.

उल्हासनगर कॅम्पात परसरामशेठ म्हणून रेडिओवाला आहे, फाळणीत सगळं सोडून आलेला, भला माणूस. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "काकासाहेब, टेलिव्हिजन माने रेडिओ, लेकिन मुंडी के साथ." मी घरी येऊन हेच सांगितलं. कौसाबाई म्हणते, "नुसती मुंडी? मंग पोरगं जेवतं कसं?" माईने तेव्हापासून अन्नावरची वासना सोडली आहे.

तर बाबा, तू काय करतोस ते मला सांगता येईल अशा भाषेत लिही. उमेचं लग्न त्यावर अडलं आहे.

तुझा,
विष्णुकाका


लंडन
ता. २० जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप विष्णुकाका यांचे सेवेशी, श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

माझा खोकला गेला. मिसेस हॉब्स तेल लावून घेतात, पण घरभर वास सुटतो म्हणून शेजारी तक्रार करतात. आईला सांगा, मला मुंडीखाली सगळं शरीर आहे आणि ते व्यवस्थित जेवतं.

खरं तेच लिहितो. संध्याकाळी मी एका चहाच्या दुकानात काम करायचो. एके दिवशी टेलिव्हिजनच्या कंपनीत चहा पोचवायला गेलो आणि तिथल्याच उपाहारगृहात जागा आहे का म्हणून विचारलं. एका बाईने मला खुर्चीत बसवलं आणि तोंडाला पावडर लावली. मला वाटलं, इथे वाढप्यांनासुद्धा नीटनेटकं ठेवतात. मग मला दिव्यांखाली नेलं. समोर सर ऑब्री बसले होते. हे इथले माजी मंत्री, कार्यक्रम तेच चालवतात. त्यांनी विचारलं, "आशियाला काय हवं आहे?" मी म्हटलं, "आधी विचारून बघायला हवं होतं."

त्यांनी ते उत्तर कागदावर उतरवून घेतलं. नंतर कळलं की पूर्वेचे जे तज्ज्ञ यायचे होते ते दुसऱ्याच गावाला उतरले होते. कंपनीने मला दर रविवारी दुपारी बोलवायला सुरुवात केली. राजकीय भाष्यकार म्हणून माझ्या नावाची पाटी लावतात. काका, मला राजकारणातलं काही कळत नाही. मला निळीचे प्रकार कळतात.

आता अडचण ऐका. एक मोठी परिषद चालली आहे. एका देशाचे प्रतिनिधी खुर्ची सरकवून उठून गेले. देशाचं नाव लिहीत नाही, पत्रं उघडतात म्हणे. पुढच्या कार्यक्रमात मला विचारणार, ते परत येतील का? मी काय सांगू? तुम्ही आयुष्यभर बदलापूर ते कल्याण लग्नांतले रुसवे काढत आलात. उठून गेलेल्या माणसांबद्दल तुमच्याइतकं कोणाला माहीत?

हरिचंद्ररावांना सांगा, मुलीच्या भावाचं काम सल्ला देण्याचं आहे.

आपला,
श्रीपाद


बेलवली
ता. ३ फेब्रुवारी १९५७

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

'सल्ला देण्याचं काम' म्हणून सांगितलं. हरिचंद्रराव म्हणाले, "म्हणजे वकील?" मी मान अशी हलवली की हो पण वाटावं आणि नाही पण. स्थळ तूर्त टिकून आहे.

तुझ्या परिषदेचं सोपं आहे. आधी एक बघ, ते चपला घालून गेले का? मांडवातून जो खरा निघून जातो तो चपला शोधतो, मुलाबाळांना हाका मारतो, ट्रंक उचलतो. जो रुसलेला असतो तो अनवाणी जातो आणि मांडवाच्या अशा टोकाला उभा राहतो की आतून दिसावा. तुझ्या त्या देशाने हॉटेलातलं सामान हलवलं नसेल तर निश्चिंत राहा.

दुसरं. त्यांना काय हवं ते विचारायला यजमानाने जाऊ नये. यजमान गेला की मागणी वाढते. एखादा म्हातारा पाठवावा, ज्याला कुठल्याच बाजूचं जेवण पचत नाही. तिसरं, आणि हे तुला म्हणून सांगतो, रुसलेल्याला जास्त आहेर नको असतो, आहेर आधी हवा असतो. बेलवलीतल्या पुतळाबाई नातवाच्या लग्नात गाडीत जाऊन बसल्या होत्या. साडी तीच दिली, फक्त विहिणीच्या आधी दिली. उतरल्या. उतरून वर भजी मागितली.

हे तुझ्या कामाला येईल की नाही माहीत नाही. माणसं सगळीकडे सारखीच जेवायला बसत असतील असं धरून लिहिलं.

तू लग्नाला येशील ना? माई रोज विचारते.

विष्णुकाका


लंडन
ता. २४ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

काका, काय सांगू! मी टेलिव्हिजनवर सरळ विचारलं, "त्यांनी हॉटेलातलं सामान नेलं का?" कोणाला माहीत नव्हतं. कार्यक्रम चालू असताना हॉटेलला फोन लावला. सामान तर होतंच, इस्त्रीला कपडेसुद्धा दिले होते. मी म्हटलं, येतील परत. एखादा म्हातारा पाठवा आणि त्यांना भाषणाचा पहिला मान द्या. तिसऱ्या दिवशी आले! जुनंच भाषण केलं, फक्त सगळ्यांच्या आधी.

आता वर्तमानपत्रं याला 'पादत्राण-सिद्धान्त' म्हणतात. दोन प्राध्यापक भांडताहेत की हा सिद्धान्त शीतप्रदेशाला लागू पडतो का, कारण इथे कोणी अनवाणी जात नाही. सर ऑब्री मला 'माझे विद्वान मित्र' म्हणतात आणि कार्यक्रमाआधी गुपचूप विचारतात की त्यांची सून घरी का येत नाही.

पण लग्नाला येणं कठीण दिसतं. कंपनीने करार लिहून घेतला आहे. मी रजा मागितली तर साहेब म्हणाले, "तुम्ही पूर्वेचे तज्ज्ञ. तुम्हीच पूर्वेला गेलात तर पूर्वेबद्दल इथे सांगणार कोण?" मी म्हटलं, तिकडे जाऊन आलो तर जास्त कळेल. ते म्हणाले, त्याचीच त्यांना भीती वाटते.

आईला हे बेताने सांगा. उमेच्या लग्नात माझ्यावाचून काही अडायचं नाही.

श्रीपाद


बेलवली
ता. १७ मार्च १९५७

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

अडलं.

लग्न १९ मे, रविवार, गोरज मुहूर्तावर ठरलं. याद्या झाल्या, सुपारी फुटली. उठता उठता हरिचंद्ररावांनी विचारलं, "कान पिळायला मुलीचा भाऊ केव्हा पोचतोय?"

मी म्हटलं, तो येऊ शकत नाही, माझा मुलगा बाळ पिळील, चुलत भाऊच की. तर ते परत खाली बसले. म्हणाले, "होमाच्या वेळी नवऱ्या मुलाचा कान सख्ख्या भावानेच पिळला पाहिजे. आमच्या थोरल्याच्या लग्नात बदली माणसाने पिळला. तो आजपर्यंत बायकोला विचारल्याशिवाय छत्री उघडत नाही." मी म्हटलं, हा कानाचा दोष कसा? तर म्हणाले, "कान पिळणं म्हणजे बजावणं. बजावायला हक्काचं माणूस लागतं. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू."

आता माझी गंमत बघ. आजवर इतके रुसवे काढले, पण प्रत्येक वेळी मी तिऱ्हाईत होतो. या वेळी तुझ्या वडिलांमागे मीच यजमान! मी गेलो की मागणी वाढणार, हे मीच तुला लिहिलेलं. परसरामशेठला म्हातारा म्हणून पाठवला. तो अंबरनाथला जाऊन त्यांना एक रेडिओ विकून आला.

उमा काही बोलत नाही. परवा भाकऱ्या करताना तिने एक भाकरी इतकी थापली की कौसाबाई म्हणाली, "पोरी, ती आता गोधडी झाली."

तू भाष्यकार आहेस. भाष्य कर.

विष्णुकाका


लंडन
ता. ३१ मार्च १९५७

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. मिसेस हॉब्सना वाटलं, माझा पक्ष पडला.

मी कंपनीकडे परत गेलो. नोकरी सोडतो म्हणालो. त्यांनी करार दाखवला. सोडून गेलो तर दंड भरून बोटीच्या तिकिटाचे पैसेही उरणार नाहीत. तेव्हा मी येऊ शकत नाही हे धरून चाला.

पण काका, गोरज मुहूर्त म्हणजे तुमच्याकडे दिवेलागण. तेव्हा इथे दुपार असते. आणि रविवारी दुपारी मी कुठे असतो? टेलिव्हिजनवर! हाताच्या अंतरावर एकच कान असतो, सर ऑब्रींचा. मी भाऊ सख्खा आहे, वेळ तीच आहे, अग्नीऐवजी दिवे आहेत. फक्त कान बदली. भाऊ बदली चालत नाही म्हणतात, कान बदली चालतो का ते विचारा.

हे लिहिताना मला कळतंय की मी काय लिहितोय. पण उमेची भाकरी डोळ्यांसमोरून जात नाही.

श्रीपाद


बेलवली
ता. १४ एप्रिल १९५७

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी स्वतः गेलो. हरिचंद्रराव आधी हसले, मग विचारात पडले. मी म्हटलं, "पूर्वी नवरदेव लढाईवर असला तर त्याच्या खांड्याशी मुलीचं लग्न लागत असे की नाही? अख्ख्या नवऱ्याच्या जागी तलवार चालते, मग एका कानाच्या जागी दुसरा कान का नको?" ते म्हणाले, "मुद्दा आहे."

कुमुदिनीबाईंनी मग अटी घातल्या. कान उजवाच पाहिजे. पिळताना मनात अनंताचं नाव घ्यायचं. आणि ज्याचा कान पिळायचा तो दर्जाने अनंतापेक्षा कमी नसावा. यावर तासभर खल झाला. माजी मंत्री मोठा की चालू चार्जमन मोठा? हरिचंद्रराव म्हणाले, "माजी म्हणजे निवृत्त की काढलेला?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विलायतेत काढलेल्यालाच 'सर' म्हणतात. ते पटलं. अनंत मधेच म्हणाला, "बाबा, माझा कान इथेच आहे, कोणीही पिळा." त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं.

शेवटी मान्य. अट एकच, कान पिळल्याची तार मांडवात आली पाहिजे. तार आली की पुढचे विधी.

बाबा रे, तुझी नोकरी जाईल हे मला दिसतंय. मी तुला कर म्हणत नाही. करू नको म्हणायला मात्र पेन उचलत नाही.

विष्णुकाका


लंडन
ता. २० मे १९५७

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

केलं.

सर ऑब्री कोळशाच्या भावावर बोलत होते. मी घड्याळाकडे बघितलं, मनात अनंताचं नाव घेतलं आणि हात लांबवून उजवा कान पिळला. चांगला पिळला, एकुलत्या एका बहिणीचा प्रश्न होता. सर 'कोळसा' म्हणता म्हणता 'को'वरच थांबले. सगळ्या देशाने बघितलं. मला वाटलं, आता पोलीस.

ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं, दुखल्याचं नसावं. म्हणाले, "शाळा सुटल्यापासून माझा कान कोणी धरला नव्हता." मग मी दिव्यांसमोरच सगळं सांगितलं: उमा, अनंत, होम, आणि कान पिळणाऱ्याला नवऱ्या मुलाकडून वस्त्र मिळतं तेसुद्धा. त्यांनी शांतपणे गळ्यातला टाय सोडला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

बाहेर पडलो तसा धावत तारघरात गेलो. तार मिळाली का? वेळेत मिळाली का? उमेचं लग्न लागलं का? मला दुसरं काही सुचत नाही.

कंपनीने सकाळी काढून टाकण्यासाठी बोलावलं आणि दुपारी पगार वाढवण्यासाठी. एका वर्तमानपत्राने लिहिलं की पूर्वेने पश्चिमेला जागं केलं. दुसऱ्याने लिहिलं की कोळसा उतरणार. आता पुढच्या रविवारी एक चालू मंत्री येणार आहेत, आणि त्यांच्या सचिवाने विचारलं आहे की त्यांनी कोणत्या बाजूला बसावं. राजकारणावरचं माझं मत आता कोणी विचारत नाही.

श्रीपाद


बेलवली
ता. २ जून १९५७

चि. श्रीपाद यास विष्णुकाकाचे अनेक, अनेक आशीर्वाद.

लग्न लागलं! आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, होम पेटला. गुरुजी लाह्यांचं सूप घेऊन थांबले, कारण तार नव्हती. परसरामशेठने आपला मोठा रेडिओ आणून मांडवात ठेवला होता, म्हणाला, "लंडन पकडता हूँ." त्यात कुठल्यातरी बेटावरची गाणी लागली. धूर वाढत चालला. बायका खोकायला लागल्या. हरिचंद्रराव हाताची घडी घालून उभे. मी तारवाल्याच्या वाटेकडे बघून बघून मान अवघडून घेतली.

आणि काय झालं म्हणतोस! उमा उठली. मुंडावळ्या बाजूला केल्या, हात लांबवला आणि अनंताचा उजवा कान असा पिळला की तो "आई गं" म्हणून अर्धा उठला. उमा म्हणाली, "माझ्या भावाला आणि मला एकाच आईने वाढवलंय. त्याचा हात तोच माझा हात. आता लाह्या द्या, गुरुजी, धुराने जीव चाललाय."

अनंताने खांद्यावरचा शेला काढून तिच्या हातात दिला आणि हसला. हरिचंद्ररावांनी गुरुजींना विचारलं, "याला शास्त्र आहे का?" गुरुजींचे डोळे धुराने मिटले होते. म्हणाले, "आहे, आहे." झालं.

तार पंगत बसल्यावर आली. 'कान झाला. उजवा.' कुमुदिनीबाईंनी वाचून घेतली आणि जिलबीचं ताट बाजूला सरकवलं. म्हणाल्या, "म्हणजे कान दोन पिळले गेले. एक आमच्या अनंताचा. मग दुसरा कोणत्या नवऱ्या मुलाचा धरायचा?" पंगत थांबली. खरोखरच रे, सख्ख्या भावाने पिळला, मुहूर्तावर पिळला. आता तुझ्या पत्राने कळलं की साहेबांनी वस्त्रसुद्धा दिलं. राहिलं काय?

माई वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "त्यात विचार कसला? तोही जावईच." आणि पुढच्या पानावर भात वाढला.

मी हसलो. पण माई हसली नाही. तुझं पत्र आल्यावर तिने ते दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "भाऊजी, दिवाळसणाला जावयाला बोलवायला हवं ना? अनंत तर येईलच. या थोरल्या जावयाचं काय?" मी म्हटलं, बोलवायला हवं. "साहेबांना एकट्याला बदलापूर सापडेल का?" मी म्हटलं, कसं सापडेल! "मग त्यांना घेऊन यायला मेहुणाच लागेल," ती म्हणाली आणि पदराने चष्मा पुसत आत गेली.

श्रीपाद, मी जन्मभर मानपान जमवत फिरलो आणि लोक मला हुशार म्हणतात. माई चूल सोडून कुठे गेली नाही. मी तिच्यापुढे हात टेकले. तुझ्या कंपनीला सांग, पूर्वेचा तज्ज्ञ एकटा पूर्वेला चाललेला नाही, पश्चिमेला बरोबर घेऊन चालला आहे. यावर त्यांना बोलायला जागा नाही.

कौसाबाईने साहेबासाठी खरवस कबूल केला आहे. फक्त विचारते, "त्यो मुंडीचा येल, का सगला येल?" सगळा आण.

आता एवढं कळव. सर ऑब्रींना पाटावर मांडी घालता येते का? उटणं लावलेलं चालतं का? त्यांची ती सून घरी आली का? नसेल तर तिलाही आण, मी बोलतो तिच्याशी. पगोट्यासाठी त्यांच्या डोक्याला सुतळी गुंडाळून ती सुतळी पाकिटात घाल. आणि उत्तर उलट टपाली टाक, कारण माईने आतापासूनच ओसरीवर दोन पाट धुऊन उन्हात ठेवले आहेत आणि कोणाला त्यावर बसू देत नाही.

तुझा,
विष्णुकाका